अनोळखी अभ्यासकांना मोडीबद्दल विचारायचंय, कसं लिहू?

मृगनक्षत्र: एमए इतिहासाच्या लघुप्रबंधासाठी पेशवे दफ्तरातल्या एका पत्राची प्रत मिळालीय. तारखेपाशी अडलेय. मॅडमनी एका ज्येष्ठ मोडी जाणकारांचा नंबर दिलाय, पण माझी त्यांची ओळख नाही. असं लिहिलंय: 'नमस्कार सर, कृपया सोबतचं पत्र वाचून द्याल का? सोमवारपर्यंत हवंय.' पाठवू?

जुनीशाई: थांबा, असं नका पाठवू. 'वाचून द्याल का' म्हटलं की अख्खं काम त्यांच्या गळ्यात पडतं आणि वर मुदतही तुम्हीच घालताय. आधी स्वतः जमेल तेवढं लिप्यंतर करा, चुकलं तरी चालेल. मग असं काही:

'सर, नमस्कार. मी एमए दुसऱ्या वर्षाला आहे. आपला नंबर आमच्या मॅडमनी दिला. पत्राचं लिप्यंतर सोबत जोडलं आहे, दफ्तरातला रुमाल (गठ्ठा) क्रमांकही दिला आहे. "छ ७ जमादिलावल" एवढं लागलं, त्यापुढे शब्द कुठे तोडायचा ते ठरत नाही. सवडीने एवढी एक ओळ पाहाल का? फोन केलेला चालत असेल तर वेळ कळवावी.'

मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, त्यामुळे तिथे जाणकारही अडतात. असा नेमका प्रश्न आला की माणूस आपणहून चष्मा शोधतो.

मृगनक्षत्र: खूप आभार! 'छ' म्हणजे काय? आणि वर 'इहिदे सबैन मया व अलफ' आहे.

जुनीशाई: छ म्हणजे चंद्र, हिजरी महिन्याची तारीख. दुसरं सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कागदांत अरबी अंकशब्दांनी लिहिलेलं वर्ष: १ + ७० + १०० + १०००, म्हणजे ११७१. हे वर्ष मृगाला, मे-जूनच्या सुमारास सुरू होतं. इसवी सनासाठी तिथून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ६००. तुमचा जमादिलावल १७७० च्या ऑगस्टअखेरीस येतो, म्हणजे थोरल्या माधवरावांची कारकीर्द. हे त्यांना विचारू नका, त्यांचा वेळ त्या ओळीसाठी राखा.

कऱ्हाकाठ: एक भर. उत्तर मिळालं की काय निष्पन्न झालं ते त्यांना कळवा, ऋणनिर्देशात नाव घाला आणि प्रबंधाची प्रत नेऊन द्या. मला एका आजोबांनी तीन दुपारी बसून कागद लावून दिले होते. प्रत द्यायला मी वर्षभराने गेलो, तेव्हा ते नव्हते.

मृगनक्षत्र: पाठवलं. वीस मिनिटांत फोन आला! सर म्हणाले, 'उद्या चारला या, भिंग घेऊन या.'