बालवाडीत हातांनी काय काय केलं होतं? आठवणी लिहा

शहापूरकरीण
आज बेळगावात खडे बाजारात गेले होते. रस्त्याकडेला एक मावशी मातीचे बैल मांडून बसलेल्या. परवा ज्येष्ठ अमावास्या ना, मण्णेत्तिन अमावास्या, म्हणजे मातीच्या बैलांची. एक जोडी घेतली आणि उभ्या उभ्याच आमची बालवाडी आठवली.

या अमावास्येच्या आधी बाई प्रत्येकाच्या पाटीवर ओल्या मातीचा गोळा ठेवायच्या. बैल करा असं सांगायच्या नाहीत. "तुमच्या दारात कोण आहे ते करा" म्हणायच्या. कुणी म्हैस करायचं, कुणी कोंबडी. एका मुलाच्या दारात जनावरच नव्हतं, त्यानं वडिलांची लूना केली होती. बाईंनी ती लूना सगळ्या बैलांच्या मध्ये ठेवली आणि तिलाही हळदकुंकू लावलं. मला शिंगं जमत नव्हती. "आधी कान कर, मग शिंगाची जागा दिसेल" हे बाईंचं वाक्य अजून डोक्यात आहे.

माझी लेक आता यूकेजीत आहे. रोज चार रेघी वही भरून आणते, बोटं दुखतात म्हणते. एवढ्या लहान हातांना आधी माती, दाणे, पाणी मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं. तुम्ही लहानपणी काय केलं होतं, किंवा आता मुलांकडून काय करून घेता, ते लिहा. कसं करायचं तेही लिहा, मला घरी करायचं आहे.

येळ्ळूरकर
किल्ला!! दिवाळीची सुट्टी संपली की बालवाडीच्या मागच्या अंगणात सगळ्यांचा मिळून एक किल्ला. समोर राजहंसगड दिसतोय, मग नकाशा कशाला पाहिजे. बाई विचारायच्या, वर जायची वाट कुठून काढायची? आम्ही सरळ उभी काढायचो, ती ढासळायची. मग कुणीतरी म्हणायचं, आमच्या आबांबरोबर जाताना वळणावळणानं जातो. अळीव पेरायचो, चार-पाच दिवसांत हिरवं. पाणी कोण घालणार यावरून मारामारी.

निपाणीकर
अक्का, आमच्याकडं बैलांचा सण, बेंदूर, दोनदा. ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी, आषाढात महाराष्ट्री. काही घरं हा करतात, काही तो. पोरांची दोनदा मजा.

शहापूरकरीण
@निपाणीकर व्हय, माझं माहेर चिकोडीकडचं, तिकडेही तसंच. पण बालवाडीचं लिहा की!

निपाणीकर
लिहितो. गिऱ्हाईक आलंय.

खानापूरचा कुंभारवाडा
मातीचं विचारलंय म्हणून लिहितो, आमचं घरच त्यातलं. खानापूरची माती भांड्यांना आणि कौलांना चांगली, म्हणूनच खादी ग्रामोद्योगवाल्यांची कुंभारकामाची शिक्षणसंस्था इथं आली. शाळांची पोरं बघायला येतात तेव्हा मी सांगतो ते असं:

माती आणली की आधी वाळवून फोडायची, खडे काढायचे, चाळायची. मग भिजत घालायची, रात्रभर तरी. पोरांना द्यायच्या आधी भरपूर तुडवायची, आणि हे काम पोरांनाच द्या, त्यांना याच्याइतकं दुसरं काही आवडत नाही. माती तळहाताला चिकटत असेल तर पाणी जास्त झालं. वळकटी करून वाकवल्यावर चिरा पडल्या तर पाणी कमी. बैलाचे पाय जाड आणि आखूड करायला सांगा. बारीक पाय वाळताना तडकतात. शिंग नुसतं दाबून चिकटवलं तर वाळल्यावर गळून पडतं. दोन्हीकडं काडीनं ओरखडे काढायचे, मधे पातळ चिखल लावायचा, मग दाबायचं. वाळवायचं सावलीत. उन्हात ठेवलं की वरचं लवकर वाळतं, आतलं ओलं राहतं आणि भेग जाते. उरलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, आठवडाभर चालते.

चाकावर पोरांना बसवायची घाई करू नका. आधी पणती अंगठ्यानं करू दे. अंगठा गोळ्याच्या मधोमध दाबायचा आणि गोळा फिरवत फिरवत कड वर घ्यायची. साडेतीन-चार वर्षांच्या पोराला जमते. माझ्या नातीला जमली.

शहापूरकरीण
किती नीट सांगितलंत दादा! हे जपून ठेवते.

कडोलीची सून
आमच्या सासूबाई पूर्वी गावात बालवाडी चालवायच्या. त्यांची मापं अजून माळ्यावर आहेत. कोळवं, चिपटं, मापटं, शेर. एका परातीत जोंधळे, एका परातीत भात, आणि मुलं सकाळभर भरायची-ओतायची. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. कुणी पाठ करून घेतलं नाही, ओतून ओतून कळलं. माझे मिस्टर त्याच बालवाडीतले, म्हणतात अर्धा-पाव मला शाळेत वेगळा शिकावाच लागला नाही.

आता मुलाला मी हेच देते. दाणे सांडतात. सांडलेले वेचायचे हेही कामच. दोन बोटांच्या चिमटीत दाणा धरता आला की पेन्सिल आपोआप नीट धरली जाते.

टीचर मावशी
मी खानापूर तालुक्यात अंगणवाडीत आहे. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये नोंदी भरता भरता लिहितेय, चुकलं तर समजून घ्या.

कडोलीच्या ताईंना एक सांगते. तीन वर्षांच्या मुलांना हरभरा, वाटाणा हातात देताना समोरून उठू नका. नाकात घालतात, कानात घालतात. लहान गटाला मी चिंचोकेसुद्धा देत नाही. त्यांना बटाटे, लिंबं, नारळाच्या करवंट्या. मोठ्या गटाला पावटा, चवळी, चिंचोके, आणि तेही मी समोर बसून.

आमच्याकडे मुलं घरी मराठी बोलणारी, काही कन्नड, एक-दोन कोकणी. अंगणात खडूनं चौकोन काढते. एक मूल उडी मारताना ओंदु, एरडु, मूरु म्हणतं, परत येताना एक, दोन, तीन. कोण कुठली भाषा बोलतो यानं काही अडत नाही, उडी चुकली की सगळी एकदम ओरडतात.

ठसे करा. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल निघतं. रंग विकत नको. हळद पाण्यात कालवा, बीट किसा, पालक वाटा. हळदीत भिजवून वाळवलेल्या कागदावर साबणाचं पाणी बोटानं लावलं की लाल रेघ उठते, त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. मुलं तोंडाचा आ करून बघतात. मग घरी जाऊन आईच्या हळदीच्या डब्यात साबण बुडवतात आणि आई दुसऱ्या दिवशी आम्हाला विचारायला येते. पण येते ना! त्या निमित्तानं अर्धा तास बसते, मुलाचं काम बघते.

येळ्ळूरकर
मावशी 😄😄 हळदीचा डबा

पुण्यातला बेळगावकर
आमच्या बालवाडीत चिरमुरे मोजायचो. मोजून झालेले खायचे. त्यामुळे मोजणी लवकर शिकलो. बेळगावी चिरमुरे पुण्यात कुठं मिळतात? इथले चपटे आणि कडक. आई कुंदा पाठवते पण चिरमुऱ्यांचं पोतं कसं पाठवणार.

कडोलीची सून
@पुण्यातला बेळगावकर रात्रीच्या बसवाल्याकडे द्यायला सांगा, आमच्या नणंदेला आम्ही तसेच पाठवतो. वजन काही नसतं.

वडगावचा माग
आमच्या गल्लीत त्या वेळी घरोघरी माग. बालवाडीत जुन्या लग्नपत्रिकेला बाई उभ्या चिरा द्यायच्या, दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या एक वरून एक खालून घालायच्या. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. मी पहिल्याच दिवशी भराभर केलं कारण घरी बाबांना रोज बघत होतो. बाईंनी मला उठवून सगळ्यांना दाखवायला लावलं. वर्गात मी बोलत नसायचो, त्या दिवशी सगळी पोरं माझ्याभोवती. घरी जाऊन बाबांना सांगितलं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या आणि उरलेल्या रेशमाचे गुंते पिशवीभर शाळेत दिले. रंगांच्या जोड्या लावायला बाईंनी ते वर्षभर वापरले.

बाबा आता नाहीत. माग विकला. एक कांडी मात्र माझ्या टेबलावर आहे.

शहापूरकरीण
@वडगावचा माग वाचून गलबलून आलं. आमच्या शेजारीही माग होता, दुपारी त्या खटखटीतच झोप लागायची.

जुन्या बाई
नातवानं मोबाईल लावून दिला आहे. मी बालवाडीत बरीच वर्षं शिकवलं. तुमच्या आठवणी वाचून फार आनंद झाला.

आमच्या प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम शिकवलं होतं. गिजुभाई बधेका आणि ताराबाईंनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई पालघरकडच्या बोर्डीला आल्या, १९५७ मध्ये कोसबाडला. माँटेसरीची साधनं महाग. खेड्यात ती कुठून येणार? म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, माती, परिसरात मिळेल ते साधन म्हणून घेतलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही कल्पनाही त्यांचीच. सरकारची अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

शहापूरच्या मुलीला सांगते. लेकीची बोटं दुखत असतील तर वहीवर रागावून उपयोग नाही. पोळ्या करताना कणकेचा गोळा तिला दे, मळू दे. पिचकारीनं झाडांना पाणी घालू दे. कपडे वाळत घालताना चिमटे तिच्या हातात दे. ओला कपडा पिळायला लाव. मनगटात आणि बोटांत बळ येतं, मग अक्षर येतं. अक्षर आधी रांगोळीच्या ताटात बोटानं काढू दे, चुकलं तर ताट हलवायचं, पुन्हा कोरं. खोडरबर नको आणि रडणं नको. आणि तिच्या बाईंना एकदा शांतपणे जाऊन भेट. बऱ्याच बाईंनाही हेच करायचं असतं, पण पालकच भरलेली वही मागतात.

शहापूरकरीण
बाई, नमस्कार. सोमवारीच जाते भेटायला.

टीचर मावशी
जुन्या बाई, शेवटचं वाक्य अगदी खरं. आम्हालाही "काय शिकवलं, वहीत दाखवा" असंच विचारतात.

निपाणीकर
आलो. आमच्या बालवाडीत दुकान-दुकान. बिड्यांची रिकामी खोकी, काडेपेट्या, तराजू करवंट्यांचा. मी कायम दुकानदार. आता खरोखरचा आहे 😊 पोरगं पाच वर्षांचं आहे, संध्याकाळी गल्ल्याशेजारी बसतं, नाणी वेगळी करतं. एकाची, दोनाची, पाचाची. डोळे मिटून नुसत्या हातानं ओळखतं.

जांबोटीचा पाऊस
आमच्याकडे जूनपासून मुलं वर्गातच. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. मग बाईंनी पाऊसच घेतला शिकवायला. वळचणीखाली ओळीनं डबे ठेवायचो, अरुंद, पसरट, उंच. कुठला आधी भरतो? सगळे म्हणायचे मोठा. भरायचा अरुंद तोंडाचा छोटाच, कारण बाई तो बरोबर पन्हाळीच्या धारेखाली ठेवायच्या. मग डबे आम्हीच हलवून बघायचो. पानं, काटक्या, खडे, बिब्बे, काय तरंगतं काय बुडतं. कोरडा नारळ तरंगतो हे बघून एक मुलगी घरी विहिरीत नारळ टाकून आली होती. होड्या तर रोजच. सांगायचं म्हणजे, त्या खोलीत वीज बहुतेक नसायचीच, पण कंटाळा आल्याचं एकदाही आठवत नाही.

येळ्ळूरकर
कणकुंबीला यंदा रस्ता कसा आहे? रविवारी यायचा विचार आहे.

जांबोटीचा पाऊस
रविवारी नको, धुकं आणि गर्दी दोन्ही. मधल्या वारी या.

कडोलीची सून
अजून एक राहिलं. रताळ्याचा वेल! आता लावणीचे दिवस आहेत. वेलाचा हातभर तुकडा मुलाच्या हातानं बांधावर नाहीतर मोठ्या डब्यात लावायचा. साडेतीन-चार महिन्यांनी त्यानंच उकरायचं. वर नुसती पानं आणि खाली एवढं मोठं रताळं, हे मुलांना खरंच वाटत नाही. मधे मधे उकरून बघतात, बघू देत. बाटलीत पाणी घालून एक तुकडा खिडकीत ठेवला तर मुळं फुटतानाही दिसतात.

शहापूरकरीण
वेल कुठं मिळेल? आमच्या गल्लीत माती म्हणजे कुंडीतलीच.

कडोलीची सून
मी शनिवारी बाजाराला येणार आहे. पाच-सहा तुकडे ओल्या गोणपाटात आणते. लेकीला घेऊन ये, तिच्याच हातात देते.

खानापूरचा कुंभारवाडा
आणि माती लागली तर सांगा. शनिवारी माझा पुतण्या टेम्पो घेऊन बेळगावला येतोय, अर्धं पोतं देऊन पाठवतो. मळलेली पाहिजे की कोरडी?

शहापूरकरीण
कोरडीच द्या दादा. तुडवायची आहे तिला.