एआय आल्यापासून पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल मंजुरीला टाकतात तो) रिव्ह्यू करून जीव मेटाकुटीला आलाय, तुमच्याकडे काय चाललंय?

नलपॉइंटर:
आमची जावातली जुनी सिस्टीम आहे, लिहिणारे बरेचसे सोडून गेले, डॉक्युमेंटेशन नावालाच. आता सगळ्यांना एआय असिस्टंटची लायसन्स दिलीत आणि वरून म्हणे स्पीड वाढला पाहिजे. कोड पटापट पडतो हे खरं, पण आधी दीडदोनशे ओळींचा पीआर यायचा तो आता हजाराच्या घरात, आणि टाकणाऱ्याला विचारलं की बाबा इथे रीट्राय कशाला लावलाय तर म्हणतो "एआयने दिलं, टेस्ट पास होतायत". टेस्टपण एआयनेच लिहिल्यात!! रिव्ह्यू करणारे आम्ही दोघंच, अख्खा दिवस त्यातच. कोणी यावर काही बसवलंय का? बंदी घाला असं सांगू नका, ते होणार नाही.

रात्रपाळी:
त्या पास होण्याला काडीचा अर्थ नाही. एआयला कोड दाखवून टेस्ट लिहायला सांगितली की कोड आत्ता जे करतोय तेच बरोबर धरून असर्ट (उत्तर अपेक्षेप्रमाणे आहे का ते बघणारी ओळ) लावतो, म्हणजे कोडमध्ये बग असला तरी हिरवी टिक. (रीफॅक्टरच्या, म्हणजे काम तेच ठेवून कोडची मांडणी बदलायच्या, आधी आहे ते वागणं पकडून ठेवायला हे कामाचं आहे, पण मग ते माहीत असून करायचं.) आमच्याकडे टेस्ट केस माणूस लिहितो, तिकीट (काय काम करायचंय त्याची नोंद) वाचून, कोड उघडायच्या आधी. मग टायपिंग एआयला करू दे. आणि पीआर टाकणाऱ्याने हे का केलं ते स्वतःच्या शब्दात लिहायचं, नाही जमलं तर न बघता परत. सुरुवातीला लोक चिडले, मग पीआर आपोआप छोटे झाले.

सेमीकोलन_मावशी:
+१. अजून एक, नवीन डिपेंडन्सी (बाहेरचं तयार पॅकेज) आली की थांबून बघा. एआय नसलेल्या पॅकेजची नावं बिनधास्त ठोकून देतो आणि तीच नावं कोणीतरी आधी रजिस्टर करून आत मालवेअर घालू शकतं, स्लॉपस्क्वॅटिंग म्हणतात त्याला. मेव्हन सेंट्रलवर (जावाची पॅकेजेस मिळतात तिथे) ग्रुप आयडीची, म्हणजे नावाच्या पहिल्या भागाची, मालकी दाखवावी लागते म्हणून जरा अवघड, एनपीएमवर (जावास्क्रिप्टची पॅकेजेस) रिकामं नाव कोणीही घेतं.

ऑफ_बाय_वन:
स्पीडचं म्हणाल तर मेटर (METR) या एआयवर संशोधन करणाऱ्या संस्थेचा २०२५ चा प्रयोग मॅनेजरला दाखवा. १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, एआय वापरून कामाला १९ टक्के जास्त वेळ लागला आणि त्यांना स्वतःला वाटत होतं २० टक्के लवकर झालं 😂 माणसं थोडी होती आणि रेपो (प्रोजेक्टचा सगळा कोड) त्यांचे ओळखीचे होते हेही सांगा नाहीतर तुम्हालाच धरतील. तुमचं उलटं आहे, कोड कोणालाच माहीत नाही, मग मी म्हणेन लिहायला कमी आणि वाचायला जास्त वापरा. हा मेथड कुठून कुठून कॉल होतो, हा फ्लॅग कशासाठी, असले प्रश्न. उत्तर चुकलं तर ग्रेप मारून (कोडमध्ये शब्द शोधून) लगेच कळतं, हजार ओळींच्या पीआरमधलं चुकलेलं प्रॉडक्शनला गेल्यावर कळतं.

नलपॉइंटर:
तिकीट वाचून टेस्ट केस हे पटलं, पण आमच्या तिकिटात फक्त "इश्यू फिक्स करा" एवढंच असतं, त्याचं काय?

रात्रपाळी:
मग आधी तिकीट परत पाठवा, पीआर नंतर.