शब्दचर्चा: विमान 'स्टॉल' होतं म्हणजे मराठीत नक्की काय होतं?

सातवीण:
मुलांच्या एका मासिकासाठी एअरबस ए-३२० वरचा लेख भाषांतरित करतेय. विमान किती उंच जाऊ शकतं, किती वेगानं, किती वजन घेऊन उतरू शकतं, असल्या सगळ्या मर्यादांबद्दल आहे. बाकी कसंबसं बसवलं पण एका शब्दाशी चार दिवस अडलेय, स्टॉल. मी तो तसाच ठेवला होता, मुद्रितं आली तर संपादकांनी बदलून "विमान हवेत बंद पडते" केलेलं. मी फोन करून म्हटलं, अहो इंजिन तर चालूच असतं, तर म्हणाले गाडी स्टॉल होते म्हणजे बंदच पडते ना, मुलांना तेवढं पुरे.
मला नाही पुरे वाटत. पंख वाऱ्याला एका कोनात भिडतो, कोन वाढवला की विमान जास्त उचललं जातं, पण साधारण पंधरा अंशांच्या आसपास पंखाच्या वरच्या अंगाला चिकटून वाहणारी हवा सुटते आणि उचल कोसळते. हे स्टॉल. यात काहीच बंद पडत नाही. 'बंद पडलं' वाचणारं पोर जन्मभर इंजिनाकडेच बघत बसेल. तर एक शब्द सुचवा, दहा वर्षांच्या मुलाला कळेल असा. सोमवारी पानं छपाईला जातायत.

पाणकावळा:
उत्थापनभंग. लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलणारं बळ, ते उत्थापन, ते भंगलं म्हणून उत्थापनभंग. नेमका आहे, समास सरळ आहे. पहिल्यांदा जड वाटेल, पण महापौर आणि दिनांकही सावरकरांनी दिले तेव्हा लोकांना जडच वाटले होते, आज कुणाला आठवतं तरी का की हे कुणी घडवलेले शब्द आहेत.

ओटीवरची:
उत्थापन नको हो. आमच्याकडे नवरात्रात घट उत्थापन असतं, म्हणजे घट उठवायचे. भंग जोडला तर आमच्या सासूबाई विचारतील घट कुणी मोडला म्हणून.

हँगरवाला:
एकवीस वर्षं विमानाच्या देखभालीत काढलीत म्हणून लिहितो. सातवीणताई, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, बदल मागे घ्यायला लावा. ए-३२० च्या नाकाजवळ बाजूला छोटी पाती असतात, एकूण तीन, वाऱ्याबरोबर फिरतात आणि विमान वाऱ्याला किती कोनात भिडतंय ते कॉम्प्युटरला सांगतात. टेस्ट करताना आम्ही ती बोटानं हळूच फिरवतो, सुरुवातीला अगदी मऊ फिरतं पातं, लोण्यात फिरवल्यासारखं, जरा जरी खरखर लागली तर स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहायचा आणि बदलायचं. आत हीटर असतो बर्फ धरू नये म्हणून, तो चालू असताना हात लावलात तर चांगला चटका बसतो, मी नवीन असताना खाल्लाय. सांगायचं काय, तर स्टॉल ओळखण्यासाठी विमान आधी या पात्याला विचारतं, इंजिनाला नाही. हँगरमध्ये आम्ही स्टॉलच म्हणतो, दुसरा शब्द कधी ऐकला नाही.

तिरफळ:
व्युत्पत्ती बघा, गंमत आहे. स्टॉल म्हणजे मुळात उभं राहायची जागा, घोड्याचा तबेला. आपलं संस्कृत स्थल त्याच कुळातलं. आणि मराठीत घोडा बांधायच्या जागेला काय म्हणतात? ठाण! घोडा ठाणावर बांधणे. म्हणजे ठाण आणि स्टॉल लांबचे भाऊबंद झाले. मग क्रियापद करा, विमान ठाणलं. छोटं आहे, क्रियापद आहे, मातीतलं आहे.

सातवीण:
ठाणलं छानच वाटतंय कानाला, पण त्यातही थांबणंच आलं ना? ठाण मांडून बसला म्हणजे हलत नाही. विमान तर खाली येत असतं, जोरात.

रातवा:
'बंद पडलं' हे भाषांतर किती चुकीचं आहे त्याची दोन उदाहरणं देतो, संपादकांना पाठवा.
१ जून २००९, एअर फ्रान्सचं ४४७, एअरबस ए-३३०, रिओहून पॅरिसला निघालेलं. अटलांटिकवर वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ धरला, ऑटोपायलट सुटला, आणि वैमानिकाकडून नाक वरच ओढलं जात राहिलं. विमान ३८,००० फुटांवरून साडेतीन मिनिटांत समुद्रावर आलं, २२८ माणसं गेली. पंखाचा कोन ४० अंशांच्याही वर गेला होता. इंजिनं शेवटपर्यंत चालू होती, सांगितलं तसा जोर देत होती.
आणि २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७. २२,३०० किलो इंधन हवं होतं, किलो-पौंडाच्या घोळात तेवढे पौंड घेऊन निघालं. ४१,००० फुटांवर टाक्या संपत आल्या आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं खरोखर बंद पडली. ते स्टॉल झालं नाही, तरंगत गेलं आणि गिमली गावाच्या जुन्या धावपट्टीवर उतरलं, सगळे वाचले.
म्हणजे बंद पडलेलं विमान स्टॉल नव्हतं आणि स्टॉल झालेलं बंद पडलेलं नव्हतं.

हँगरवाला:
४४७ मधली अजून एक गोष्ट सांगायला हवी, मी वाचलं त्या रात्री झोपलो नव्हतो. कॉकपिटमध्ये स्टॉलचा इशारा सलग ५४ सेकंद वाजत होता. मग तो थांबला, का, तर मोजलेला वेग ६० नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण १११ किलोमीटरच्या, खाली गेला की कॉम्प्युटर पात्याचा आकडा खोटा धरतो आणि गप्प बसतो. मग नाक जरा खाली केलं की वेग परत मोजण्यात यायचा आणि इशारा परत वाजायचा. म्हणजे बरोबर केलं की ओरडा आणि चूक केली की शांतता. अंधारात, ढगात, त्या माणसांनी काय समजायचं? म्हणून म्हणतो मुलांना शब्द चुकीचा शिकवू नका, त्यातलं एखादं उद्या पायलट होईल.

खडीसाखर:
सगळं पटलं पण जेट इंजिनाचाही स्टॉल असतो की, कॉम्प्रेसर स्टॉल. फटाके फुटल्यासारखे आवाज येतात, कधी मागून जाळ दिसतो. मग इंजिनाचा संबंध नाही असं कसं?

हँगरवाला:
असतो, बरोबर. पण तिथेही स्टॉल होतात ती इंजिनाच्या आतली हवा दाबणारी पाती. प्रत्येक पातं म्हणजे छोटा पंखच, वारा चुकीच्या कोनात आला की त्याच्यावरूनही हवा सुटते. गोष्ट तीच, जागा वेगळी.

संत्रानगर:
मग उचल तुटणे म्हणा ना. लिफ्टला उचल. विमानाची उचल तुटली. पोट्ट्यांना समजते.

बाभूळबन:
बीडकडचा आहे मी, आमच्या इकडे उचल म्हटलं की ऊसतोडीची उचल, मुकादमाकडून सहा महिन्यांचे पैसे आधीच घ्यायचे आणि मग फेडत बसायचं. उचल तुटली म्हणजे हिशोब फिटला असंच वाटेल आमच्या पोरांना. माझ्या घरात हा शब्द साध्या आवाजात कधी बोलला गेला नाही. तुमच्या लेखातला शब्द चूक आहे असं म्हणत नाही, पण मासिक आमच्या शाळेतही येतं.

सातवीण:
बाभूळबन, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लेखात सहा ठिकाणी 'उचल' आहे. आता परत बघते.

पाणकावळा:
हेच मी सांगतोय. रोजच्या शब्दांना रोजचे अर्थ चिकटलेले असतात, त्यांना ओढून आणलं की गोंधळ. शास्त्राला स्वतःचे कोरे शब्द हवेत. घट उठवण्याची हरकत मला पटली, पण ती एका शब्दापुरती आहे, तत्त्वाला नाही. आणि सगळंच इंग्रजी ठेवायचं तर भाषांतर कशाला करायचं?

रातवा:
कोरे शब्द कोरेच राहतात दादा. धावपट्टी रुळली कारण पट्टी डोळ्यांना दिसते आणि विमान तिच्यावर धावतं. कोशात बसलेले शेकडो शब्द कुणी तोंडात घेतले नाहीत. स्टॉल, फ्लॅप, रनवे हे आता मराठीच आहेत, जसं टेबल.

पाणकावळा:
टेबल आलं तेव्हा आपल्याकडे टेबल नव्हतं. विमान मात्र शब्द म्हणून आपल्याकडे होतंच, वि म्हणजे पक्षी, पक्ष्याच्या मानाचं ते विमान.

तिरफळ:
वि म्हणजे पक्षी हे खरं पण इथे तो वि नाही. वि उपसर्ग आणि मा धातू, मापत जाणं, आकाश ओलांडत जाणं असा अर्थ. आणि कुणी तळपद्यांचं मरुत्सखा विमान आणि वैमानिक शास्त्राची पोथी काढायच्या आधी सांगतो, त्या पोथीतली यंत्रं उडू शकत नाहीत हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली नीट तपासून लिहिलंय. तो विषय नको.

सातवीण:
विषय स्टॉलवर राहू दे प्लीज. पण मर्यादांचं निघालंच आहे तर अजून दोन अडचणी. फ्लॅप्सना संपादकांनी झडपा केलंय. आणि केबिन अल्टिट्यूडला केबिनची उंची.

हँगरवाला:
झडप म्हणजे व्हॉल्व्ह! केबिनमधली हवा बाहेर सोडणारी खरी झडप विमानात मागच्या बाजूला असते, तिला काय म्हणणार मग? फ्लॅप पंखाच्या मागच्या कडेला असतो, खाली वाकतो. त्याचीही मर्यादा लिहा लेखात, ए-३२० ला पूर्ण फ्लॅप १७७ नॉटच्या वर चालत नाहीत, म्हणजे ताशी ३२८ किलोमीटर धरा, आणि २०,००० फुटांच्या वर तर फ्लॅप काढायचेच नाहीत.

ओटीवरची:
पंखाचा पदर म्हणा. मागच्या कडेला असतो, लागेल तसा सोडायचा, काम झालं की खोचून घ्यायचा.

सातवीण:
ओटीवरची, हा शब्द मी घेतेय. विचारणार पण नाही कुणाला.

खडीसाखर:
केबिनची उंची वाचून मला वाटलं आतलं छत किती उंच. खरं म्हणजे आतली हवा किती फुटांवरच्या डोंगरासारखी विरळ आहे ते सांगायचंय. साधारण ८,००० फुटांपर्यंत जाते ती. कळसूबाई १,६४६ मीटर म्हणजे ५,४०० फूट, तेव्हा दीड कळसूबाई. विमानात चिप्सची पिशवी फुगते ती त्यामुळेच. 'आतल्या हवेची उंची' लिहा.

पाणकावळा:
हवेला उंची नसते.

खडीसाखर:
तापाला पण डोकं नसतं तरी तो डोक्यात जातो. कळल्याशी कारण.

रातवा:
लेखात कॉफिन कॉर्नर आहे का? त्याचं काय केलंत?

सातवीण:
शवपेटीचा कोपरा. माहितीय वाईट आहे. मुलांच्या मासिकात शवपेटी नकोच वाटते.

हँगरवाला:
स्क्रीनवर कसं दिसतं ते सांगतो, त्यावरून शब्द काढा. डावीकडे वेगाची उभी पट्टी असते. वरून लाल-काळी पट्टी, त्याच्यापुढे गेलात तर वेग जास्त, ए-३२० ला ३५० नॉट किंवा माख ०.८२, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.८२ पट, जे आधी येईल ते. खालून दुसरी लाल पट्टी, तिच्यात गेलात तर स्टॉल. जमिनीजवळ दोघींत भरपूर जागा. जसजसे वर जाल तशी वरची खाली येते, खालची वर येते, ३९,००० च्या आसपास जड विमान असेल तर मधे अगदी चिंचोळी जागा उरते. हळू गेलात तरी मेलात, जोरात गेलात तरी. हाच कॉफिन कॉर्नर.

तिरफळ:
अडकित्ता!! खालचं पातं आणि वरचं पातं, मधे सुपारी.

सातवीण:
अडकित्त्यात सापडणे. अगदी हेच. आजीचा पितळी अडकित्ता आलाच डोळ्यांपुढे. घेतला. पण मूळ प्रश्न अजून तिथेच आहे हो.

येवलेकर:
उशिरा आलो. आमच्या येवल्यात संक्रांतीला तीन दिवस पतंग चालतो, लहानपणापासून आसारी, म्हणजे दोऱ्याची फिरकी, हातात. पतंगाला जो दोरा बांधतो, वरचा आणि खालचा मिळून, त्याच्या गाठीवर सगळं असतं. खालचा दोरा आखूड राहिला की पतंग वाऱ्याला पूर्ण पोट दाखवतो. मग हाताला ओढ जबरदस्त लागते, नवीन पोराला वाटतं काय ताकदीचा पतंग आहे, पण तो चढतच नाही, आहे तिथे थरथरतो आणि शेपटीकडून खाली बसतो. वारा असतो, दोरा असतो, कागद फाटलेला नसतो, काहीच बंद पडलेलं नसतं. नुसता कोन चुकलेला असतो. माझे वडील म्हणायचे, पोट दाखवू नको त्याला, आणि दोन बोटांनी गाठ वर सरकवायचे. अर्ध्या इंचानं. लगेच चढायचा. तुमचं स्टॉल हेच आहे ना?

हँगरवाला:
हेच आहे. याच्यापेक्षा नीट मला एकवीस वर्षांत सांगता आलं नसतं.

संत्रानगर:
मग म्हणा की विमान गोत खाते. पतंग गोत खातो तसं.

येवलेकर:
गोत खाणं वेगळं, ते डोकं खाली घालून गिरकी घेत येणं. ते नंतर होतं, होईलच असं नाही.

बाभूळबन:
आमच्याकडे असं थकून बसल्यासारखं झालं की ढेपाळला म्हणतात. बैल ढेपाळला, भिंत ढेपाळली. पंख ढेपाळला म्हटलं तर?

सातवीण:
पंख ढेपाळला. विमान नाही, इंजिन नाही, पंख. कर्ता बरोबर आला एकदाचा. "पंख वाऱ्याला फार पोट दाखवतो तेव्हा त्याच्यावरची हवा सुटते आणि पंख ढेपाळतो, याला स्टॉल म्हणतात." असं लिहून पाठवते संपादकांना. येवलेकर, पतंगाचा परिच्छेद चौकटीत टाकू का? तुमच्या वडिलांचं वाक्य घालून?

येवलेकर:
जरूर टाका. गाठ सरकवतानाचं चित्र असेल तर बघा, बोटं चिमटीत धरलेली दाखवा.

पाणकावळा:
ढेपाळण्यात दोष पंखाचा वाटतो, पंख कमकुवत होता असं. पंख धडधाकट असतो, कोन चुकतो. माझं समाधान नाही. नोंदवून ठेवतो.

खडीसाखर:
हा मुद्दा मात्र बरोबर आहे त्यांचा.

तिरफळ:
ठाणलं मध्ये तो दोष नाही.

संत्रानगर:
विमान उभं असताना चाकाला जे लावतात, चोक, त्याला काय म्हणतात मराठीत? आमच्याकडे एसटीच्या चाकाखाली दगड लावायचे त्याला टेकण म्हणत.

घाटवळण:
उटी. कंडक्टर ओरडायचा, उटी लाव रे. कुंभार्ली घाटात बस तापली की आम्ही पोरंच दगड शोधायला पळायचो.

संत्रानगर:
उटी तर चंदनाची असते ना?

घाटवळण:
ती पण असते. चाकाची पण असते.