पहिलं ऑइल कधी, फिल्टर कोणता

नव्या पेट्रोल गाडीचं इंजिन ऑइल १,००० किमीलाच बदलायचं का आणि फिल्टर कोणता घ्यायचा, असं एकाने विचारलंय. गाडीच्या पुस्तिकेत तसं लिहिलं नसेल तर इतक्या लवकर नको. पूर्वी नव्या इंजिनात धातूचा बारीक कीस बराच निघायचा, म्हणून पहिलं ऑइल लवकर काढायचे. आता काम सफाईदार असतं, उरलासुरला कीस ऑइल फिल्टर अडवतो.

बऱ्याच गाड्यांना १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. त्यातलं वर्ष कृपया विसरू नका. रोज ३-४ किमीच फिरणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापत नाही. पाण्याचा अंश आणि पेट्रोल ऑइलमध्येच साचतं. माझी गाडी अशीच चालते, मी ६ महिन्यांनीच बदलतो. ऑइलची ग्रेड, म्हणजे त्याचा दाटपणा, मात्र पुस्तिकेतलीच.

फिल्टर गाडीच्या कंपनीचाच घ्या, तोही खात्रीच्या दुकानातून. इंजिन बंद असताना ऑइल खाली उतरू नये म्हणून त्यात रबरी झडप असते. ती हलक्या दर्जाची निघाली की सकाळी सुरू करताना इंजिन क्षणभर कोरडं खडखडतं.

आणि बसवताना समोर उभे राहा. एका गॅरेजात माझ्या जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली, नवा फिल्टर त्यावरच चढवला. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये ताटाएवढं काळं थारोळं! तेव्हापासून मी तिथे बोट फिरवूनच बघतो. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावायचं, ती टेकली की फिल्टर हातानेच साधारण पाऊण फेरा आवळायचा. वॉरंटी आहे तोवर बिलं जपून ठेवा.