अनुभव धागा: खाद्यपदार्थाचं ब्रँडिंग आणि पॅकेजिंग, विद्यार्थी गटाने करताना (कोल्हापूर)

धागाकर्ती
गट प्रकल्पात आपल्याकडे बहुतेकांच्या वाट्याला कांदा-लसूण मसाला, गूळ पावडर नाहीतर काकवी येते. लोगो कसा काढावा यावर वाचायला भरपूर मिळतं. पाकीट छापून, भरून, सील करून दुकानात ठेवेपर्यंत कुठे अडतं ते मात्र कुणी लिहीत नाही. ज्यांनी असे गट सांभाळलेत, छपाई केलीय किंवा माल भरलाय त्यांनी इथे लिहा. मापं आणि कारणं द्या. 'टीमवर्क महत्त्वाचं' एवढ्यावर थांबू नका, कुणी काय करायचं तेही सांगा.

मजकूर_आधी
कामाची वाटणी पाकिटाच्या बाजूंप्रमाणे कधीच करू नये. पुढची बाजू एकाकडे, मागची दुसऱ्याकडे, लोगो तिसऱ्याकडे असं केलं की अक्षरं, समास, रंग काहीच जुळत नाही आणि शेवटच्या रात्री सगळे एकमेकांचं काम दुरुस्त करत बसतात. वाटणी कामाची हवी. पाच जण असतील तर एकाकडे मजकूर, एकाकडे पाऊच आणि भरणं, एकाकडे अक्षर-मांडणी, एकाकडे चित्र-फोटो आणि एकाकडे छपाई-खर्च.

मजकूरवाल्याचं काम सगळ्यात आधी संपलं पाहिजे. त्याने एक शीट करावी आणि एका ओळीत एकच नोंद ठेवावी: पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचा पत्ता, ग्राहक तक्रारीचा फोन आणि ईमेल, बॅच, तारखा, साठवणीची सूचना. प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने: माहिती कुठून आली, कुणी तपासली. दोन्ही रकाने भरल्याशिवाय डिझाइनला हात लावू नये. मजकूर उशिरा आला की मागच्या बाजूला जागाच उरत नाही, अक्षरं ४ पॉइंटवर जातात आणि परीक्षकाचं बोट पहिल्यांदा तिथेच पडतं.

मूळ फाइल एकाच्याच लॅपटॉपवर. बाकीच्यांनी पीडीएफवर खुणा करून द्याव्यात. फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक असावा, 'फायनल' हा शब्द नसावा. फोटो आणि फॉन्ट त्याच फोल्डरमध्ये, नाहीतर प्रेसवर फाइल उघडली की चित्राच्या जागी रिकामा चौकोन दिसतो.

फूडटेक_शेवटचं_वर्ष
वरच्या शीटमध्ये पुढच्या गोष्टी घाला.

भाषा: सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत लागतो. मराठी जोडीला चालते, एकटी चालत नाही. बरेच गट हौसेने सगळं मराठीत करतात आणि मग इंग्रजीला जागा शोधतात. म्हणून सुरुवातीपासूनच दोन भाषांची जागा धरा.

घटक: उत्पादनाच्या वेळच्या वजनाप्रमाणे उतरत्या क्रमाने. मसाल्यात मिरची पहिली असेल असं गृहीत धरू नका. कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, तेल, मीठ सगळं वजन करून लिहा. कृती बदलली की यादीही बदलते, म्हणून भरणारा आणि मजकूरवाला यांनी शीटवर एकत्र सही करावी.

हिरवा ठिपका (शाकाहाराची खूण, चौकोनातलं वर्तुळ): पुढच्या भागाचं क्षेत्रफळ १०० चौ. सेंमीपर्यंत असेल तर वर्तुळाचा व्यास किमान ३ मिमी, १०० ते ५०० असेल तर ४ मिमी. चौकोनाची बाजू व्यासाच्या दुप्पट. १२ × १८ सेंमीच्या पाऊचला म्हणजे ४ मिमीचं वर्तुळ आणि ८ मिमीचा चौकोन.

युनिट सेल प्राइस: वजन १ किलोच्या आत असेल तर दर ग्रॅमचा भाव, दोन दशांशांपर्यंत. २०० ग्रॅमचं पाकीट १५० रुपयांना असेल तर ०.७५ रुपये प्रति ग्रॅम. ही ओळ विद्यार्थ्यांच्या पाकिटावर जवळजवळ कधीच नसते.

एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक १४ अंकी असतो. परवाना १ ने सुरू होतो, नोंदणी २ ने. प्रकल्पापुरता नमुना करत असाल तर १४ शून्यं टाका. दुसऱ्या पाकिटावरचा क्रमांक उचलू नका, तो कुणाचा तरी खरा परवाना असतो.

गुऱ्हाळाजवळ
गुळाचं वेगळं लिहितो. 'कोल्हापूर गूळ' या नावाला २०१४ साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं आहे. म्हणून जीआयचा लोगो कुणीही लावू शकतो असं नाही, त्यासाठी उत्पादक अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला हवा. ज्याचा गूळ भरणार त्याला आधी विचारा.

'केमिकल-फ्री', 'सेंद्रिय', '१०० टक्के शुद्ध' हे शब्द सुचायला सोपे असतात. सेंद्रियसाठी प्रमाणपत्र लागतं. 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'अस्सल' यांच्या वापरावर दाव्यांच्या नियमात अटी आहेत. असा शब्द ब्रँडच्या नावातच असेल तर हे फक्त ब्रँडनाव आहे असा खुलासा पाकिटावर द्यावा लागतो. गुळाचा रंग उजळ करायला हायड्रोस (सोडियम हायड्रोसल्फाइट) वापरलेलं असेल तर सल्फाइटची चौकशी करा. किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर ॲलर्जीच्या सूचनेत ते लिहावं लागतं. गटातल्या एकाने गुऱ्हाळावर जाऊन हे विचारून यावं. पिवळाधमक गूळ फोटोत छान दिसतो म्हणून तोच निवडू नये.

पाऊच_आणि_सील
मसाला असो की गूळ पावडर, डिझाइन सुरू करायच्या आधी खरा माल खऱ्या पाऊचमध्ये भरा. डंकावर कुटलेला मसाला आणि चक्कीवर दळलेला मसाला यांचं २०० ग्रॅमचं आकारमान सारखं नसतं. भरून, तळ तीन-चार वेळा टेबलावर आपटून, मग माल कुठपर्यंत आला ती खूण करा. वर झिप, सील आणि फाडायची खाच यांना मिळून उंचीचा चौथा भाग तरी मोकळा हवा. उभ्या पाऊचचा तळ भरल्यावर फुगतो आणि खालचे ३-४ सेंमी पुढे वळतात. वजन नाहीतर हिरवा ठिपका तिथे ठेवला तर दुकानात दिसतच नाही.

थर: मसाल्यात तेल आणि खोबरं असतं, हवा आणि उजेड लागला की खवट होतो. बाहेर पीईटी (प्लास्टिक फिल्म) १२ मायक्रॉन, मध्ये मेटलाइज्ड म्हणजे चंदेरी पीईटी १२ मायक्रॉन, आत पॉली (पॉलिथिन) ५० ते ७५ मायक्रॉन अशी रचना साधारण घेतात. क्राफ्ट पेपरचा (तपकिरी कागदाचा) पाऊच घ्यायचाच असेल तर आतून अस्तर असलेला घ्या, नाहीतर काही दिवसांत बाहेर तेलाचे डाग उमटतात. गूळ पावडर हवेतला ओलावा ओढते, पावसाळ्यात तर खडाच होतो.

मसाला गरम असताना भरायचा नाही. आत वाफ धरते आणि गोळे होतात. नरसाळ्याची नळी झिपच्या खालपर्यंत गेली पाहिजे. सीलच्या जागी पूड उडाली की सील बसल्यासारखं दिसतं पण धरत नाही, म्हणून कोरड्या फडक्याने आतली कड पुसूनच सील करा. सीलची पट्टी ८ ते १० मिमी. तापमान कमीपासून सुरू करून ५-५ अंशांनी वाढवत न्या. ओढल्यावर सील उघडण्याऐवजी फिल्म फाटली म्हणजे जमलं. फिल्म आक्रसली, सुरकुत्या पडल्या तर ताप जास्त झाला. मग रिकाम्या पाऊचमध्ये हवा ठेवून सील करा, पाण्याच्या बादलीत दाबा. बुडबुडे कोपऱ्यातून येतात, बघालच.

द्वितीय_वर्ष_उपयोजित
दादा, पुढे पारदर्शक खिडकी ठेवली तर? गिऱ्हाइकाला मसाल्याचा रंग दिसेल.

पाऊच_आणि_सील
दिसेल, पण उजेडाने मिरचीचा लाल रंग हळूहळू विटतो. दोन महिन्यांनी खिडकीतला मसाला विटकरी आणि आतला लाल, म्हणजे गिऱ्हाईक जुना माल समजून ठेवून देणार. ठेवायचीच तर तळाच्या गसेटमध्ये (घडीत) लहान ठेवा. गूळ पावडरीला खिडकी चालेल.

उद्यमनगर_प्रीप्रेस
फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगांत), फोटो छापायच्या मापाला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), बाहेर ३ मिमी ब्लीड (कापाच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग), आत कापाच्या रेषेपासून अक्षरं ५ मिमी लांब. मोबाइलवर दिसणारा भडक केशरी कागदावर येत नाही, हे गटातल्या प्रत्येकाला आधीच दाखवा.

लहान काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चारही शायांचा काळा वापरला आणि रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) जरा हललं की प्रत्येक अक्षराला सावली येते. लाल पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरं भरून जातात, देवनागरीत ७ पॉइंटच्या खाली जाऊच नका.

चंदेरी फिल्मवर किंवा क्राफ्टवर छापताना खाली पांढऱ्या शाईचा थर लागतो. तो वेगळ्या लेयरवर, वेगळ्या नावाने द्या. नाही दिला तर पिवळा मातकट दिसतो.

बारकोड: ईएएन-१३ (१३ अंकी बारकोड) चं मूळ माप मोकळ्या जागेसह ३७.२९ × २५.९३ मिमी. ८० टक्क्यांपेक्षा, म्हणजे सुमारे २९.८ × २०.७ मिमीपेक्षा लहान करू नये. मसाल्याचं पाकीट लाल म्हणून रेघाही लाल करतात. स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला लाल रेघ पांढऱ्यासारखीच वाटते. पांढऱ्यावर काळ्या रेघा ठेवा, दोन्ही बाजूंची मोकळी जागा खाऊ नका आणि पाऊचच्या वळणावर ठेवू नका.

ग्रॅव्ह्यूरला (कोरलेल्या सिलिंडरने होणाऱ्या छपाईला) प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो, शे-दोनशे पाकिटांना तो खर्च निघत नाही. साधा पाऊच आणि डिजिटल स्टिकर हा विद्यार्थ्यांसाठी योग्य रस्ता. स्टिकरला मॅट लॅमिनेशन करा, मसाल्याचे तेलकट हात लागतातच.

अक्षरवेडी
देवनागरीत ओळींमधलं अंतर सॉफ्टवेअर आपोआप देतं ते पुरत नाही. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. अक्षराच्या मापाच्या १४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. इलस्ट्रेटरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिपी नीट मांडणारी सेटिंग) चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्या जागी जाते. 'कोल्हापुरी'तला 'ल्हा', 'ऱ्या', 'र्म' ही तीन ठिकाणं मोठी करून तपासा. मुक्त (Mukta) किंवा बालू (Baloo) हे खुले फॉन्ट आहेत, परवान्याची अडचण नाही. प्रेसला देताना अक्षरं आउटलाइन करा (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करा), पण त्याआधीची फाइल जपून ठेवा. आउटलाइन झाल्यावर किंमत बदलता येत नाही.

आणि एक कळकळीचं. पाकिटावर अंबाबाईचा फोटो घालू नका. पाकीट रिकामं झालं की कचऱ्यात जातं, पायाखाली येतं. फेटा, मिशा, पैलवान, चप्पल यांच्याही पलीकडे बघा. डंकाचा आकार, परातीत वाळणारी मिरची, गुऱ्हाळातली काईल (रस उकळायची मोठी कढई) आणि गुळाची ढेप यांत रेषा भरपूर सापडतात.

लक्ष्मीपुरी_किराणा
चाचणी वर्गात घेऊ नका. छापील स्टिकर लावलेली चार भरलेली पाकिटं घेऊन गर्दी नसताना दुकानात या, विचारून शेल्फवर इतर मसाल्यांच्या मध्ये ठेवा. सहा फुटांवरून बघा. गिऱ्हाइकाला 'आवडलं का?' विचारू नका, तो हो म्हणणारच. 'हे कशाचं पाकीट आहे? किती ग्रॅम? केवढ्याला?' असं विचारा. तीनपैकी एक जरी उत्तर शोधायला पाकीट फिरवावं लागलं तर पुढची बाजू दुरुस्त करा. एकाने विचारायचं, दुसऱ्याने लिहायचं, विचारणाऱ्याने पाकिटाकडे बोट दाखवायचं नाही. दुकानदारालाही विचारा, तो हे टांगणार की उभं ठेवणार. टांगणार असेल तर वर भोक लागतं आणि त्या भोकाची जागा सीलच्या पट्टीत धरावी लागते.

मजकूर_आधी
लक्ष्मीपुरीवाल्या काकांचं भोक शीटमध्ये नवीन ओळ म्हणून टाका. डायलाइन (पाऊचच्या काप-घडीचा आराखडा) करणाऱ्याला ते सील ठरवायच्या आधी कळलं पाहिजे, कारण मग पट्टी १० मिमीची पुरणार नाही. भोकाभोवती चारही बाजूंनी सीलबंद फिल्म राहील एवढी रुंद घ्यावी लागेल.