दत्तक कुटुंब की दत्तक सहल?

राउंडवाला:
एमबीबीएसच्या पोरांना गावातली तीन-तीन, पाच-पाच घरं दत्तक द्यायची टूम २०२२ पासून निघाली आहे. ती बंद करावी असं माझं स्पष्ट मत आहे. फर्स्ट इयरला २७ तास, सेकंडला ३०, थर्डला २१, म्हणजे ७८ तास. दंडातले स्नायू अजून ज्याला पाठ नाहीत, तो काकूंच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळतो. सकाळी बस, नागपूरजवळचं हिंगणा किंवा कळमेश्वरकडचं एखादं गाव, तर्री-पोहे, फॉर्म, सरपंचांसोबत फोटो, दोनला परत, लॉगबुकात सही. त्या घराला काय मिळालं? हे ७८ तास कॅज्युअल्टीत द्या, निदान टाके तरी घालता येतील. पीएसएमवाल्यांनी, म्हणजे सार्वजनिक आरोग्य शिकवणाऱ्यांनी, चिडू नये. चिडतीलच म्हणा.

छेद:
चिडलोच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कॅज्युअल्टीत येतो तो अंश, म्हणजे नुसता आजारी पडलेला. छेद, म्हणजे तो ज्यांच्यातून आला ती सगळी वस्ती, गावात बसलेला असतो, तो स्ट्रेचरवरून येत नाही. वॉर्डात दहा सिकल सेलवाले पाहून गावात किती आहेत हे कधीच कळणार नाही.

सहल होते हे मान्य. पण का होते? पहिल्याच भेटीला पोरांच्या हातात बारा पानी फॉर्म देतात म्हणून. पहिली भेट फक्त नकाशाची हवी. देऊळ किंवा हातपंप धरायचा, डावी बाजू न सोडता चालायचं, प्रत्येक दाराला नंबर द्यायचा, कुलूप असलेल्या दारालाही. संध्याकाळच्या आत आशाताईंच्या रजिस्टरशी ताळा करायचा. आकडा जुळत नाहीच. वीटभट्टीवरची बिऱ्हाडं, शेतावर राहणारा सालदार, बाळंतपणाला माहेरी आलेली पोरगी, हे रजिस्टरात नसतात. लसीकरण सुटलेली मुलंही नेमकी तिथेच सापडतात. हे शिकायला स्नायू पाठ असावे लागत नाहीत.

आता बीपी. तुमच्या काकू बाजेवर पाय लोंबकळत बसलेल्या असतात, पाठीला आधार नाही, हात हवेत, आणि पोरगा त्यांच्याशी बोलत बोलत पट्टा फुगवतो. यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा वर जातो. पाच मिनिटं शांत बसवा, पाय जमिनीला, पाठ भिंतीला, हात हृदयाच्या पातळीत टेकवा, मधे एक-दोन मिनिटं सोडून दोन रीडिंग घ्या. पट्ट्यातला ब्लॅडर, म्हणजे हवा भरायची पिशवी, दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी लांब हवा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की नसलेलं ब्लडप्रेशर तयार होतं. आणि गावाहून आल्यावर रजिस्टर उघडून शेवटचा अंक बघा. हाताने घेतलेलं बीपी दोन-दोनच्या घरात वाचतात, म्हणजे शेवटी शून्य साधारण पाचातल्या एकाच रीडिंगला यायला हवं. निम्म्याच्या वर शून्यं दिसली तर पोराने मोजलं नाही, अंदाज लिहिला. ही तपासणी दहा मिनिटांची आहे. किती शिक्षक करतात?

राउंडवाला:
वा. म्हणजे ७८ तास खर्चून कळणार काय, तर पोरं खोटं लिहितात. हे मला फुकटात माहीत होतं.

थिसिसग्रस्त:
पोरांना कशाला बोलता, एमडीचे थिसिस काय वेगळे असतात? किती माणसं तपासायची हे काढायचं सूत्र ४ पीक्यू भागिले एलचा वर्ग. पी म्हणजे आजाराचं टक्क्यातलं प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा, एल म्हणजे चालवून घ्यायची चूक. प्रमाण ५० टक्के धरा, चूक त्याच्या १० टक्के, उत्तर ४००. म्हणून निम्म्या थिसिसमध्ये ४०० माणसं असतात. आता आजाराचं प्रमाण १० टक्के घ्या. चूक त्याच्या दहा टक्के, म्हणजे १ धरली तर ३६०० माणसं लागतात. चूक सरळ ५ धरली तर १४४. गाइड विचारतो, ‘किती जमतील?’ जमणाऱ्या आकड्यावरून चूक मागे काढायची. आणि १४४ वाल्याचा निष्कर्ष काय येणार? प्रमाण ५ ते १५ च्या दरम्यान. ते घरी बसूनही सांगता आलं असतं.

दुसरं दुखणं कुप्पुस्वामी, म्हणजे कुटुंबाचा आर्थिक-सामाजिक स्तर ठरवायची पट्टी. ती पट्टी शहरी कुटुंबांसाठी केलेली, लोक काटोलच्या शेतकऱ्याला लावतात. गावाला दरडोई उत्पन्नाची प्रसादची पट्टी बरी, पण तिचे आकडे महागाई निर्देशांकाने दरवेळी ताजे करावे लागतात, ते कोण करतो? आणि ‘महिन्याची मिळकत किती?’ हा प्रश्न संत्र्यावाल्याला विचारतात! आंबिया बहार घेणाऱ्याचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, मृगवाल्याचा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. जुलैत विचारलं तर तो ‘काही नाही जी’ म्हणतो आणि तुमच्या तक्त्यात दारिद्र्यरेषेखाली जातो. वर्षाचा माल, वर्षाचा खर्च विचारा, उधारी वेगळी लिहा, मग बाराने भागा.

प्रतापनगरवाली:
आहाराची माहिती घेतानाही हेच होतं. २४ तासांत काय खाल्लं हे विचारायला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर अख्खं गाव पुरणपोळीवर जगतं असं निघेल. सणाचा, उपासाचा, लग्नाचा दिवस सोडायचा. आणि वाटी दाखवून विचारायचं, ‘दोन वाट्या’ असं नुसतं लिहायचं नाही. घरोघरी वाटी वेगळी असते.

राउंडवाला:
तुमचे सर्व्हे पाहिलेत हो. लार्व्हा सर्व्हेच घ्या, घरोघरी डासांच्या अळ्या शोधायचा. नागपुरात गेलात की सगळे कूलरमागे लागतात. चालत्या कूलरमध्ये पाणी फिरतं, पंखा गरगरतो. तिथे कुठला डास अंडी घालायला बसतो? टायर बघा, नारळाच्या करवंट्या बघा, कुंड्यांखालच्या ताटल्या बघा. कूलरवाल्या मध्यमवर्गाला उगाच बदनाम करता.

महालचा:
काहून बे, कूलर चोवीस तास चालते का? दुपारी तीन तास, रात्री झोपेपर्यंत. बाकी वेळ पाणी ठप्प. आन हा डेंगूचा डास पाण्यात अंडी घालतच नाही, पाण्याच्या काठावर ओल्या पत्र्याले चिकटवते.

छेद:
महालचा बरोबर आहे. एडिसची, म्हणजे डेंगूच्या डासाची, अंडी पाण्याच्या रेषेच्या वर चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. आपल्याकडे टाकी रिकामी करत नाहीत, रोज नळी लावून भर घालतात. पाणी वर चढलं की अंडी भिजतात आणि फुटतात. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. पण नुसतं उपसून भागत नाही. नागपूरच्या क्षाराच्या पाण्याने टाकीला पांढरी खरखरीत रेघ पडते, अंडी त्या रेघेलाच धरून बसतात. तिथे ब्रश लागतो. फडका फिरवून काही निघत नाही.

आणि खरा घोळ चालत्या कूलरचा नाहीच, बंद पडलेल्याचा आहे. मृगाचे चार शिंतोडे पडले की कूलर बंद होतो, टाकीतलं पाणी तसंच. खिडकीबाहेरच्या स्टँडवर असेल तर वरून पावसाचीही भर. वुडवूलच्या जाळ्या ओल्याच. जूनचा शेवट ते ऑक्टोबर तो कूलर म्हणजे पाळणाघर.

राउंडवाला:
मग रॉकेल टाका दोन चमचे आणि मोकळे व्हा. त्यात युनिव्हर्सिटीचं शिक्षण कुठे आलं?

प्रतापनगरवाली:
रॉकेलचा वास खोलीभर येईल, दोन दिवसांनी नळी लावली की तवंग वाहून जाईल, आणि जाळ्यांत रॉकेल शोषलं तर पुढच्या उन्हाळ्यात आग लागायला एक ठिणगी पुरे. टेमेफॉस या अळीनाशकाचे १ टक्क्याचे दाणे असतील तर १० लिटरला १ ग्रॅम, ५० लिटरच्या टाकीला ५ ग्रॅम. तेही पाणी बदललं की पुन्हा टाकावे लागतात. त्यापेक्षा कूलर ठेवून देताना तळाचा बूच काढणं सोपं. बूच उघडा ठेवून टाकी उन्हात उलटी करा.

सर्व्हेला जाणाऱ्या पोरांसाठी एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी सांगायला हवी आणि कुणीच सांगत नाही. प्लग काढल्याशिवाय कूलरला हात लावायचा नाही. स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. ओली फरशी, पत्र्याची बॉडी, जुना पंप, करंट उतरतो आणि माणसं जातात. मागची जाळी काढा, टॉर्च तिरका धरा आणि एक-दोन मिनिटं हलू नका. सावली पडली की अळ्या तळाला जातात. पोरं डोकावतात, काही दिसत नाही, ‘निगेटिव्ह’ लिहून पुढे जातात.

थिसिसग्रस्त:
आणि मग छेदात बंद घरंही मोजतात! शंभर दारं वाजवली, वीस बंद, दहा घरांत अळ्या. हाउस इंडेक्स, म्हणजे तपासलेल्या शंभर घरांमागे अळ्यांची घरं किती, दहाला शंभर नाही, दहाला ऐंशी, म्हणजे साडेबारा. बंद वीस जोडले की दहावर येतो आणि साहेब खूश. ज्याच्या बाल्कनीत कुणी येऊ देत नाही तो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅटही ‘पाहिलेल्या’त टाकतात. ब्रेटो इंडेक्स आणखी वेगळा, शंभर घरांमागे किती भांड्यांत अळ्या. एका घरात कूलर, टायर, कुंडी, तिन्हीत अळ्या असल्या तर हाउस इंडेक्सला घर एकच, ब्रेटोला भांडी तीन. हा फरक परीक्षेत पाठ असतो, गल्लीत विसरतात.

महालचा:
दरसाल तान्ह्या पोळ्याले पिवळ्या मारबतीचा पुतळा निघाला की सगळा मोहल्ला ओरडते, ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’. आन मागं वळून पाहा, ओरडणाऱ्याच्याच गॅलरीत कूलर पाण्याने भरून उभा!

राउंडवाला:
धागा दत्तक कुटुंबांचा होता. कूलर मेकॅनिकचा कोर्स कधी सुरू झाला?

छेद:
तुम्हीच कूलर काढला. ठीक, घरांकडे येतो. पाच घरांत एक गरोदर बाई आहे असं धरा. फर्स्ट इयरच्या पोराला तिचं हिमोग्लोबिन कळलं. पुढे काय? लाल गोळ्या, रोज एक, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड, १८० दिवस, हे पुस्तकात. घरात मात्र पाकीट डब्यात पडून असतं, कारण गोळी चहासोबत घेतली, पोटात मळमळलं, संडास काळी झाली आणि सासू म्हणाली बंद कर. पोराने पुढच्या भेटीला रिकाम्या पट्ट्या मोजायच्या. चहाच्या तासभर आधी किंवा नंतर, रात्री जेवल्यावर घ्या, काळी संडास होणारच, एवढं सांगायचं.

आपल्या भागात याआधी आणखी एक पायरी. सिकल सेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची सोल्युबिलिटी टेस्ट झाली का? २ मिली रिएजंट, २० मायक्रोलिटर रक्त, पाच मिनिटांनी ट्यूबमागच्या रेषा दिसतात का बघायचं. दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. पण पॉझिटिव्ह म्हणजे रुग्ण नाही, नुसता वाहकही असू शकतो. ते हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीच सांगेल. हिमोग्लोबिन फार खाली असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर ही टेस्ट फसवते. रिएजंटमधलं डायथिओनाइट हवेने मरतं, जुनी बाटली सगळ्या गावाला निगेटिव्ह करते. म्हणून दर बॅचला एक माहीत असलेला पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना सोबत लावायचा. वाहक-वाहक जोडपं निघालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची चारात एक शक्यता, हे दोघांना बसवून सांगायचं. लग्न ठरण्याआधी कळलं असतं तर जास्त बरं.

तेच बाळ जन्मलं की ३, ७, १४, २१, २८, ४२ व्या दिवशी आशाताईंच्या भेटी असतात. त्यामागचं काम आपल्याच विदर्भातल्या गडचिरोलीतलं आहे, बंग दांपत्याचं, १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेलं. एकदा आशाताईंसोबत जा, बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, तान्ह्याचा श्वास मधेच थांबतो. पोरगा थर्ड इयरला जाईपर्यंत तेच बाळ चालत दाराशी येतं. हे कुठल्या कॅज्युअल्टीत दिसतं?

राउंडवाला:
छान. असा एक शिक्षक आणि असं एक गाव दाखवा, मीही बसमध्ये बसतो. प्रत्यक्षात दीडशे-दोनशे पोरांमागे शिक्षक चार, बसमध्ये बीपीची यंत्रं सहा, त्यातली दोन बंद. तुमचा नकाशा, ताळा, एचपीएलसी, सगळं कागदावर.

प्रतापनगरवाली:
हे मात्र खरं. तपासलेला एचपीएलसीचा रिपोर्ट कुटुंबाच्या हातात परत गेला का, हे लॉगबुकात कुठेच विचारत नाहीत. रक्त नेलं आणि सांगायला कोणी आलं नाही, की पुढच्या वर्षी दार उघडत नाहीत. मग त्याला ‘लोकांचा असहकार’ म्हणायचं.

छेद:
मान्य. शिक्षकांची संख्याही मान्य. पण म्हणून बंद करा म्हणणं म्हणजे टाके कच्चे पडतात म्हणून सुई फेकून द्या म्हणण्यासारखं आहे. दीडशे जण एका दिवशी नेऊ नका. दहा-दहाच्या तुकड्या करा, यंत्रं पुरतात.

राउंडवाला:
फर्स्ट इयरचे २७ तास कापून थर्डला जोडा, मग विचार करीन. बाकी कूलरचं पटलं नाही म्हणणार होतो, पण आताच बाल्कनीत जाऊन आलो. काय दिसलं ते विचारू नका.

महालचा:
प्लग काढला होता ना सर?

प्रतापनगरवाली:
सर, ओपीडीत ‘तंबाखू खाता का’ विचारून बघा, ‘नाही’ येईल. मग विचारा, ‘खर्रा दिवसाला किती पुड्या?’ बायकांना विचारा, ‘दाताला नस, गुडाखू काही घासता का?’ खर्र्याला आपल्याकडे कुणी तंबाखू म्हणत नाही. तुमच्या निम्म्या केसपेपरवर ‘व्यसन नाही’ आहे ते यामुळेच.

राउंडवाला:
हे उद्या विचारतो. धाग्याशी संबंध नाही, तरीही.

छेद:
पुडी एकट्याने खातो की चौघांत वाटून, तेही विचारा. नाहीतर छेद पुन्हा चुकला.