बोलायचं धाडस देणाऱ्या लेखिका सुचवा ना

प्रश्न: मीटिंग असो की घर, स्वतःचं मत मांडायची वेळ आली की माझा आवाजच फुटत नाही, पण हल्ली बायकांनी लिहिलेलं वाचलं की जरा बळ येतं, तर अजून काय वाचू?

पहिलं उत्तर: ताराबाई शिंदे! 'स्त्रीपुरुष तुलना', १८८२ सालचं. सगळे दोष बाईच्याच माथी का, असं त्या काळात थेट छापून विचारलंय त्यांनी. मोठ्याने वाच, खरंच, जीभ मोकळी होते.

दुसरं उत्तर: बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' पण घे. घरात लपवूनछपवून लिहायच्या त्या, आणि मला तर हेच जास्त धीर देतं, भीती होती तरी लिहिणं सोडलं नाही.

प्रश्नकर्ती: थँक्यू दोघींना, ताराबाईंपासून सुरू करते, आजच.